त्रिशंकू खरा की फसवा?

मार्चचा मध्य होता. जोडून सुट्टी आली म्हणून आम्ही मालवणजवळच्या एका गावी दोन दिवस राहायला गेलो होतो. रात्री साडेआठ-नऊच्या सुमारास वीज गेली आणि किनारा एकदम काळोखात बुडाला. घरातले सगळे मेणबत्त्या शोधत होते, मी मात्र कॅमेरा आणि तिपाई घेऊन वाळूत उतरलो. दक्षिणेकडे, क्षितिजापासून दीड-दोन मुठी वर, चार ताऱ्यांचा सुबक क्रॉस दिसत होता. लहानपणापासून पुस्तकात पाहिलेला त्रिशंकू अखेर भेटला म्हणून मी हरखून गेलो. दहा-बारा फोटो काढले, त्यातला बरा निवडला आणि सकाळी रुग्णालयातल्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिले, 'कोकणातून दिसलेला त्रिशंकू.'

भराभर अंगठे उमटले. तासाभराने आमच्या एक्स-रे विभागातल्या तंत्रज्ञांचा निरोप आला. हे गृहस्थ निवृत्तीला आलेले, गेली तीस वर्षे आकाश पाहणारे. त्यांनी लिहिले होते, "सर, फोटो छान आहे. पण हा फसवा. मित्र आणि मित्रक कुठे आहेत? अजून दोन-तीन तास थांबायला हवं होतं."

मी नकाशा उघडला. त्यांचे बरोबर होते. मी टिपलेला क्रॉस नौकेच्या शिडाच्या आणि तळाच्या तारकासमूहांतल्या प्रत्येकी दोन ताऱ्यांचा होता. जगभरचे आकाशनिरीक्षक त्याला 'फसवा क्रॉस' म्हणूनच ओळखतात. मी फोटो काढला तेव्हा खरा त्रिशंकू क्षितिजाच्या वर आलेलाच नव्हता. म्हणजे जो तेथे नव्हताच, त्याचा मी फोटो काढून मोकळा झालो होतो.

एका ठिपक्याचे आठ दिवस

ही चूक मला हसण्यावारी नेता आली नाही, कारण हीच चूक मी पूर्वी एका माणसाच्या बाबतीत केली होती.

तेव्हा मी पदव्युत्तर शिक्षण घेत होतो. खोकल्यासाठी आलेल्या पन्नाशीच्या एका एसटी चालकाचा छातीचा एक्स-रे माझ्या हातात होता. उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात गोल, नाण्यासारखा ठिपका. चालक वीस वर्षे विडी ओढणारे. माझ्या डोक्यात एकच शब्द आला आणि तो मी नको तितक्या खात्रीने त्यांच्या मुलासमोर बोललो. पुढच्या तपासणीची तारीख आठ दिवसांनंतरची मिळाली. ते आठ दिवस त्या घरात कोणी धड जेवले नाही, हे मला नंतर कळले. मुलाने गावाकडचा जमिनीचा तुकडा विकायची बोलणीसुद्धा सुरू केली होती.

आठ दिवसांनी क्ष-किरण विभागातल्या मॅडमनी फिल्म दिव्यावर लावली, क्षणभर पाहिली आणि विचारले, "स्तनाग्रावर खूण चिकटवून पुन्हा काढलात का?" मी गप्प. धातूची बारीक खूण चिकटवून पुन्हा एक्स-रे काढला. खूण बरोबर त्या ठिपक्यावर बसली. तो ठिपका फुप्फुसात नव्हता, छातीवरच्या स्तनाग्राची ती सावली होती. ही फसगत वैद्यकात इतकी जुनी आहे की पाठ्यपुस्तकात तिच्यावर परिच्छेद असतो. मी तो वाचलाही होता.

फसवा क्रॉस पाहून मला ते चालक आठवले. दोन्ही वेळा चूक एकाच जागी झाली. आकार ओळखीचा वाटला आणि मी पुढचा प्रश्न विचारलाच नाही. म्हणून दक्षिणेच्या आकाशाची ओळख करून देताना मी ती एखाद्या निदानासारखीच मांडणार आहे: आधी आकार, मग सोबतीच्या खुणा आणि शेवटी वेळ.

खऱ्याची लक्षणे

खरा त्रिशंकू लहान आहे. आकाशाचे जे ८८ तारकासमूह ठरवलेले आहेत, त्यांतला हा सर्वांत छोटा. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण १० अंश आकाश झाकते, त्रिशंकूची लांबी जेमतेम ६ अंश आहे. फसवा क्रॉस त्याच्या दीडपट आणि मंद. खऱ्याच्या चार ताऱ्यांपैकी वरचा तांबूस आहे, बाकीचे तीन निळसर पांढरे. शिवाय उजव्या बाजूला, तळाच्या ताऱ्याजवळ, पाचवा मंद तारा असतो. फसव्यात तो नाही.

पण सगळ्यांत भरवशाची खूण म्हणजे त्याची सोबत. त्रिशंकूच्या डाव्या हाताला नरतुरंगाचे दोन ठळक तारे आहेत, मित्र आणि मित्रक. त्यांना जोडणारी रेषा पुढे वाढवली की ती त्रिशंकूवर जाते. यातला मित्र हा सूर्याचा सर्वांत जवळचा तारकाशेजारी, आपल्यापासून सुमारे ४.३७ प्रकाशवर्षे. मित्रक दिसतो त्याच्या शेजारी, पण आहे जवळजवळ चारशे प्रकाशवर्षांवर.

तिसरी खूण वेळेची. कोकणातून मार्चच्या मध्यावर रात्री नऊला दक्षिणेला जो क्रॉस दिसतो, तो फसवाच असतो. खरा त्रिशंकू त्यानंतर आग्नेयेला डावीकडे कललेला उगवतो आणि मित्र-मित्रक त्याच्याही मागून येतात. मेच्या मध्यावर रात्री साडेनऊच्या सुमारास तो बरोबर दक्षिणेला सरळ उभा असतो. मालवण-वेंगुर्ल्याहून त्याचा तळाचा तारा तेव्हा क्षितिजापासून सुमारे ११ अंश वर असतो, मुंबईहून ८ अंश. म्हणजे एक मूठभर उंचीवरच सगळा खेळ. समोर झाड, इमारत किंवा धुरकट हवा असली की संपले.

अगस्त्याचे तसे नाही. तो आपल्या ओळखीचा. विंध्य ओलांडून दक्षिणेला गेलेल्या ऋषीचे नाव त्याला आहे आणि पावसाळ्याच्या अखेरीस पहाटे तो दिसू लागला की पाणी निवळते असे जुने लोक म्हणत. व्याधानंतर रात्रीच्या आकाशातला हा दुसरा तेजस्वी तारा. फेब्रुवारीच्या संध्याकाळी व्याधाच्या खाली, दक्षिणेला, महाराष्ट्रातून कुठूनही दिसतो.

कारूच्या माळावर

त्या फजितीनंतर काही वर्षांनी दक्षिणेचे आकाश नीट पाहण्याचा योग आला. धाकटी बहीण आणि मेहुणे नोकरीनिमित्त केपटाऊनला राहतात. एप्रिलच्या अखेरीस अमावास्या गाठून मी तिकडे गेलो आणि आम्ही मोटारीने सदरलँडला निघालो. केपटाऊनपासून साधारण साडेतीनशे किलोमीटरवर, कारू नावाच्या उजाड पठारावरचे हे छोटे गाव. गावाजवळच्या टेकडीवर दक्षिण आफ्रिकेची वेधशाळा आहे आणि तेथेच 'सॉल्ट' ही मोठी दुर्बीण. तिचा आरसा ९१ षट्कोनी तुकड्यांचा, सुमारे ११ मीटर रुंद. पुण्याची आयुका या दुर्बिणीतली भागीदार आहे, हे दिवसा वेधशाळा पाहताना आठवून बरे वाटले. या परिसरात दिव्यांवर निर्बंध घालणारा कायदा त्या देशाने २००७ मध्ये केला.

रात्री आठला आम्ही गावाबाहेर गाडी थांबवली. दिवे बंद केले आणि मी चक्क हरवलो. पश्चिमेला मृग नक्षत्र मावळत होते, पण उलटे, डोके खाली आणि पाय वर. आम्ही उत्तर गोलार्धात मृग जसा पाहतो त्याच्या नेमका उलट. एक्स-रेवर डावे-उजवे लिहिलेले नसेल आणि फिल्म उलटी लावली असेल तर हृदय भलत्याच बाजूला दिसते, तसे काहीसे. अशा वेळी घाई न करता आधी दिशा पक्की करायची, हे इतक्या वर्षांत शिकलो होतो. व्याध शोधला, त्यावरून अगस्त्य. मग त्रिशंकू आणि त्याच्याकडे बोट दाखवणारे मित्र-मित्रक. हा सगळा थाट आता क्षितिजावरच्या धुळीत नव्हता. रात्री साडेदहाला त्रिशंकू ६० अंशांहून अधिक उंच चढला, जवळजवळ मान वर करून पाहावे इतका. पश्चिमेकडे माझा जुना मित्र, फसवा क्रॉसही होताच. दोघे एकाच वेळी आकाशात असले की फरक लहान मुलालाही कळतो.

उत्तरेला ध्रुव तारा आहे, तसा दक्षिण ध्रुवावर ठळक तारा नाही. त्रिशंकूचा लांब दांडा तळाकडे साधारण साडेचार पट वाढवला की दक्षिण ध्रुवाची जागा येते आणि तिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही. सगळे आकाश त्या रिकाम्या जागेभोवती फिरत असते.

न हलणारा ढग

कॅमेरा लावेपर्यंत नैर्ऋत्येला ढगाचा एक फिकट पुंजका आला. मी वैतागलो. इतक्या लांब यावे आणि ढग आडवा यावा! मेहुणे म्हणाले, "दादा, थोडं थांबू या, जाईल तो." अर्धा तास गेला. ढग तिथेच. शिवाय तो एकही तारा झाकत नव्हता, उलट ताऱ्यांबरोबरच हळूहळू सरकत होता. मग ट्यूब पेटली. हा मोठा मॅगेलन मेघ, आपल्या आकाशगंगेची सोबतीण असलेली एक छोटी दीर्घिका, सुमारे १,६०,००० प्रकाशवर्षे दूर. त्याच्या खाली, क्षितिजाकडे, धाकटा मेघ होता, सुमारे २ लाख प्रकाशवर्षांवर. १५१९ मध्ये निघालेल्या मॅगेलनच्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या वृत्तान्तात त्यांचे वर्णन आले आणि युरोपात तेच नाव रुजले. महाराष्ट्रातून हे दोन्ही मेघ क्षितिजाला इतके चिकटून असतात की दिसण्याची आशा धरू नये.

धाकट्या मेघाला चिकटून एक अस्पष्ट तारा दिसतो. तो खरे तर लाखो ताऱ्यांचा गोलाकार गुच्छ आहे, '४७ टुकाने'. पाहणाऱ्याला वाटते की तो मेघाचाच भाग. प्रत्यक्षात तो आपल्या आकाशगंगेतला, सुमारे १५,००० प्रकाशवर्षांवरचा. म्हणजे सोबतही फसवू शकते. चालकाच्या एक्स-रेवर तेच झाले होते. एकापुढे एक असलेल्या दोन गोष्टी फिल्मवर एकाच पातळीवर येतात. आकाशही एक मोठी फिल्मच आहे, खोली तिच्यात दिसत नाही.

नरतुरंगातल्या ओमेगा सेंटॉरीची गोष्ट तर सगळ्या डॉक्टरांनी ऐकावी अशी. दुसऱ्या शतकात टॉलेमीने त्याची नोंद तारा म्हणून केली. १६०३ मध्ये योहान बायरने त्याला ताऱ्यासारखेच ग्रीक अक्षर दिले. १६७७ मध्ये एडमंड हॅलीने सेंट हेलेना बेटावरून पाहिले आणि हा तारा नसून धुरकट काही आहे असे लिहिले. तो तारकागुच्छ आहे हे कळायला एकोणिसावे शतक उजाडले. आज आपण जाणतो की तिथे सुमारे एक कोटी तारे आहेत. निदान बदलत गेले, कारण प्रत्येकाने आधीच्या नोंदीवर न विसंबता स्वतः पुन्हा पाहिले. ओमेगा सेंटॉरी कोकणातून २६ अंशांपर्यंत वर येतो, त्यामुळे मे महिन्यात साध्या दुर्बिणीतून कापसाच्या बोळ्यासारखा सहज दिसतो.

आणि कोळशाची पिशवी. त्रिशंकूला खेटून आकाशगंगेच्या दुधाळ पट्ट्यात एक काळे भोक दिसते. पूर्वी ते रिकामे वाटत असे. ती सुमारे ६०० प्रकाशवर्षांवरची धूळ आहे, मागच्या ताऱ्यांचा उजेड अडवणारी. जेथे काही दिसत नाही तेथे काही नसतेच असे समजू नये, हा धडा आम्हाला सोनोग्राफीतही मिळतो.

डोळ्याला राखाडी, कॅमेऱ्याला लाल

त्या रात्री काढलेल्या फोटोत त्रिशंकूच्या उजवीकडे एक लालगुलाबी डाग उमटला. डोळ्यांना तिथे फक्त उजळ राखाडी धुके दिसत होते. हा कॅरिना तेजोमेघ, सुमारे ७,५०० प्रकाशवर्षांवरचा. त्याच्या पोटात इटा कॅरिने हा बेभरवशाचा तारा आहे. १८४३ मध्ये तो अचानक इतका उजळला की व्याधाखालोखाल तोच तेजस्वी ठरला, पुढे मंदावला. जॉन हर्शेल १८३४ ते १८३८ केपजवळ राहून आकाश पाहत होता आणि त्या उजळण्याची सुरुवात त्याने स्वतः पाहिली.

बहिणीने विचारले, "फोटो खरा की आपले डोळे खरे?" हा प्रश्न माझ्या व्यवसायातला.

आपल्या पडद्यावर, म्हणजे नेत्रपटलावर, दोन प्रकारच्या पेशी असतात. साधारण ६० लाख शंकुपेशी रंग आणि बारकावे टिपतात, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. सुमारे १२ कोटी दंडपेशी अंधुक उजेडात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाहीत. म्हणून रात्री सगळे राखाडी. शिवाय डोळा साधारण दशांश सेकंदाचाच उजेड साठवतो, कॅमेरा वीस सेकंद साठवत राहतो. तेजोमेघातल्या हायड्रोजनचा लाल रंग खराच आहे, आपल्या दंडपेशींना तो दिसत नाही इतकेच.

अंधारात गेल्यावर शंकुपेशी दहा मिनिटांत थकतात आणि मग दंडपेशी हळूहळू जाग्या होतात. त्यांच्यातले ऱ्होडोप्सिन हे रसायन पूर्ण भरून यायला ३० ते ४० मिनिटे लागतात. मोबाइलचा पडदा एकदा उघडला की यातली बरीच कमाई जाते आणि पुन्हा पहिल्यापासून. गडद लाल उजेडाला दंडपेशी जवळजवळ दाद देत नाहीत, म्हणून टॉर्चला लाल जिलेटिन कागद बांधतात. आणखी एक युक्ती: नजरेच्या बरोबर मध्यभागी दंडपेशी नसतात. त्यामुळे अंधुक वस्तूकडे थेट पाहिले की ती नाहीशी होते, किंचित बाजूला पाहिले की उमटते. ओमेगा सेंटॉरी पाहताना हे करून पाहा.

ऱ्होडोप्सिन बनायला अ जीवनसत्त्व लागते. ते कमी पडले की पहिली तक्रार रातांधळेपणाची. संध्याकाळी मूल ठेचकाळू लागले, अंगणातली वस्तू त्याला सापडेना, तर दुर्लक्ष करू नका. नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत अ जीवनसत्त्वाचे डोस सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळतात. सगळे रातांधळेपण जीवनसत्त्वाने बरे होत नाही, काही नेत्रपटलाच्या आनुवंशिक आजारांची सुरुवातही अशीच होते. म्हणून तपासणी हवीच.

मोठ्यांसाठीही एक सूचना आहे. विशीत अंधारात डोळ्याची बाहुली सात-आठ मिलिमीटर उघडते, साठीकडे झुकताना साधारण पाच. त्यामुळे माझ्या भाचीला जितके तारे दिसतात तितके मला दिसत नाहीत, हे वयाने आले. पण प्रत्येक ताऱ्याभोवती वलय किंवा फराटे दिसू लागले, समोरच्या गाडीचे दिवे रात्री पसरट वाटू लागले, तर मोतीबिंदूची शंका घ्यावी. मेहुण्यांचे तसेच झाले. अगस्त्याला चारी बाजूंनी काटे दिसतात म्हणून ते हवेला दोष देत होते. फोटोत अगस्त्य स्वच्छ टिंब होता. आता त्यांनी नेत्रतज्ज्ञांची वेळ घेतली आहे.

फोटो कसा काढावा

महागडी सामग्री लागत नाही. ज्या कॅमेऱ्यात हाताने सेटिंग करता येते तो कॅमेरा, विस्तृत दृश्य टिपणारी लेन्स आणि न डगमगणारी तिपाई पुरेशी आहे. लेन्सचे छिद्र शक्य तितके उघडे ठेवावे (एफ २.८च्या आसपास), आयएसओ १६०० ते ३२००. किती सेकंद ठेवायचे याचा सोपा हिशेब असा: ५००ला लेन्सवरच्या मिलिमीटरने भागा. २४ मिलिमीटरला सुमारे २० सेकंद. त्याहून जास्त ठेवले तर पृथ्वीच्या फिरण्यामुळे ताऱ्यांच्या रेघा होतात. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात हा वेळ आणखी कमी करावा. फोकस आपोआप होत नाही. पडद्यावर एखादा ठळक तारा मोठा करून तो बारीक टिंब होईपर्यंत रिंग हाताने फिरवावी. बटण दाबताना धक्का लागू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावावा. हल्लीचे बरेचसे मोबाइलही रात्रीच्या मोडमध्ये तिपाईवर ठेवले तर त्रिशंकू सहज टिपतात.

सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे एका दृश्याचे किमान पाच-सहा फोटो काढावेत. एक्स-रे पाहताना आम्ही पहिला प्रश्न विचारतो, हे शरीरात आहे की फिल्मवर? आकाशाच्या फोटोतही तेच. विमान आणि उपग्रह रेघ सोडतात, पुढच्या फोटोत ते पुढे गेलेले असतात. सेन्सरचा बिघडलेला बिंदू लाल किंवा निळा 'तारा' होतो, पण कॅमेरा थोडा वळवला तरी तो चित्रात त्याच जागी राहतो. लेन्सच्या कडेला तारे पक्ष्यासारखे पंख पसरतात, तो लेन्सचा दोष. जे प्रत्येक फोटोत ताऱ्यांबरोबर सरकते, तेच आकाशात आहे.

या साध्या शंकेने एकदा इतिहास घडवला. २४ फेब्रुवारी १९८७च्या पहाटे चिलीतल्या लास कॅम्पानास वेधशाळेत इयन शेल्टन यांनी मोठ्या मॅगेलन मेघाची काच धुऊन बाहेर काढली. तीन तास उजेड दिलेल्या त्या काचेवर एक ठळक तारा होता, पूर्वी कधीच नसलेला. काचेतला दोष असेल असे त्यांना आधी वाटले. मग ते दार उघडून बाहेर गेले आणि वर पाहिले. तारा तिथे होता. त्याच वेधशाळेतल्या ऑस्कर दुआल्दे या सहकाऱ्याने काही तासांपूर्वी तो नुसत्या डोळ्यांनी पाहिलाही होता. १६०४ नंतर नुसत्या डोळ्यांना दिसलेला तो पहिलाच स्फोटक तारा, म्हणजे सुपरनोव्हा. फोटो पाहून शंका घेणे आणि शंका फेडायला बाहेर जाणे, दोन्ही गरजेचे होते.

फोटोवरून तारे ओळखण्यासाठी 'स्टेलॅरियम'सारखे मोफत नकाशे आहेत. 'अ‍ॅस्ट्रोमेट्री डॉट नेट'वर फोटो टाकला तर ते संकेतस्थळ ताऱ्यांची रचना जुळवून आकाशाचा भाग सांगते. पण आधी स्वतः कागदावर नावे लिहावीत, मग ताडून पाहावे. रिपोर्ट वाचून फिल्म पाहणारा डॉक्टर फिल्म पाहायला कधीच शिकत नाही.

येत्या मे महिन्यात

दक्षिण आफ्रिका सगळ्यांना जमणार नाही, त्याची गरजही नाही. अमावास्येच्या आसपासची रात्र निवडा. सिंधुदुर्गाचा किनारा किंवा दक्षिणेला मोकळी दिशा असलेला कोणताही डोंगरमाथा उत्तम. विदर्भातल्यांना पेंच जवळ आहे. महाराष्ट्रातल्या या व्याघ्र प्रकल्पाला २०२४च्या जानेवारीत देशातले पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. तिथून त्रिशंकू आणखी खाली, जेमतेम पाच अंशांपासून वर दिसतो, म्हणून दक्षिण क्षितिज स्वच्छ हवे.

जागा दिवसा पाहून ठेवा. किनाऱ्यावर भरतीची वेळ विचारून घ्या. पायात बूट असू द्या, कारण उन्हाळ्यात रात्री साप बाहेर असतात, आणि डासांपासून बचाव करणारे मलम विसरू नका. मधुमेहींनी रात्रीचे खाणे आणि औषधाची वेळ चुकवू नये. परत निघताना उजेडाला डोळे सरावेपर्यंत चार-पाच मिनिटे थांबून मगच गाडी चालवा.

सदरलँडहून मी तंत्रज्ञांना एकच फोटो पाठवला. त्यावर स्वतः नावे लिहिली होती: त्रिशंकू, मित्र, मित्रक, कोळशाची पिशवी, कॅरिना, ओमेगा सेंटॉरी. या वेळी अंगठा न पाठवता त्यांनी लिहिले, "सर, सगळं बरोबर. फक्त पाचवा तारा लिहायचा राहिला."

फोटो मोठा करून पाहिला. तळाच्या ताऱ्याच्या उजवीकडे, वर, तो होता.